शेपटीवर गेलेला इंजिनियर

आमच्या मंडळाने गणपतीत लंकादहनाचा हलता देखावा ठरवला आणि मारुतीची शेपटी माझ्या गळ्यात पडली. मी मेकॅनिकलचा इंजिनियर ना! नोकरी विम्याची, ही गोष्ट अलाहिदा.

रावणाची मान डोलवायला वायपरची मोटार आणि एक दांडी पुरते. मला ते फारच बाळबोध वाटलं. १९८२ च्या 'ई.टी.'मधला बाहुला कार्लो राम्बाल्दीने केबली ओढून जिवंत केला आणि ऑस्कर मिळवलं, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "वर्गणी केवढी लागेल?"

माझी योजना अशी: प्लायवूडच्या चकत्या, बुडाशी मोठ्या, टोकाला लहान. मधोमध लवचिक कणा. चकत्यांना वर-खाली भोकं, त्यांतून सायकलच्या ब्रेकची तार. वरची ओढा, शेपटी वर. खालची ओढा, खाली.

कण्याला आधी स्प्रिंग घातली. तार ओढताच शेपटी वळायची सोडून आखूड झाली! रबरी नळी घातली, तर तिला पीळ पडला. शेवटी छोटे क्रॉस जॉइंट आणले. ते वाकतात, पण दबत नाहीत की पिळत नाहीत. तरी टोक लोंबतंच. तार प्रत्येक भोकाशी घासते आणि वळण वाढेल तसा तिचा ताण बेरीज-वजाबाकीने नव्हे, पटीपटीने घटतो. टोकाशी पोचेतो ओढ उरतेच कुठे? हे सूत्र मी परीक्षेत लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क!

भोकांत प्लॅस्टिकच्या नळ्या बसवल्या, ग्रीस चोपडलं. पहिल्या रात्री ध्वनिफितीवर मारुती गरजला, मी बटण दाबलं. शेपटी ढिम्म. मारुतीच कमरेत वाकला आणि त्याने रावणाला सावकाश नमस्कार केला. (पुतळा मागच्या वर्षीचा; तेव्हा तो वाकून आरती करणारा भक्त होता.) टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

गर्दीतून कोपऱ्यावरचा सायकलवाला पुढे आला. "साहेब, आउटर कुठं अडकवलाय?" ब्रेकच्या तारेवरचं कव्हर दोन्ही टोकांना पक्कं धरलेलं हवं, नाहीतर तारेमागे अख्खा पुतळाच ओढला जातो. मी तर ते कव्हर सोलून फेकून दिलं होतं. दिसायला बरं नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून शेपटीला तंगूस बांधून माचीवरून एक पोरगा ती ओढू लागला. विसर्जनापर्यंत एकदाही बिघाड नाही.

ब्रेकची तार भरपूर उरली आहे. गरजूंनी संध्याकाळी सातनंतर मंडळाच्या कार्यालयात यावं. आउटर मात्र ज्याचा त्याने आणावा.