वारा खायची गाडी

‘स्पायडर’ ही कॅनडाच्या बीआरपी कंपनीची तीनचाकी मोटारसायकल, 2007 साली आली. पुढे दोन चाकं, मागे एक. तोल सांभाळायला इलेक्ट्रॉनिक्स, वर रिव्हर्स गिअरसुद्धा. अमेरिकेतले निवृत्त काका ती घेतात तोंडावर वारा घ्यायला. मग वारा लागतो, म्हणून मूळची काच जाऊन चांगली हातभर उंच काच येते. पाठ धरते, म्हणून टेकू. बोटं गारठतात, म्हणून गरम होणाऱ्या मुठी. वळणावर गाडी झुकते, म्हणून जाडजूड अँटी-स्वे बार (हा खर्च मात्र सत्कारणी, मान्य). कॉफीच्या कपासाठी घरगुती स्टँड: काकूंचा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड करवतीनं कापलेला, कडा कानशीनं घासलेल्या, ड्रिलनं दोन भोकं, वरून काळा स्प्रे. ‘कंपनीला जमलं नसतं,’ असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. काकू स्वयंपाकघरात अजून बोर्ड शोधतायत. शिवाय मागे सामानाचा ट्रेलर, त्याची दोन चाकं वेगळी. म्हणजे एकूण पाच झाली, मोटारीपेक्षा एक जास्तच. छत तेवढं राहिलंय. त्याचंही माप घेऊन झालंय.