कुलपातला बुधा

दर 15 ऑक्टोबरला, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी, आपल्याकडे वाचन सोडून सगळं होतं. फ्लेक्स लागतो, कलामांच्या फोटोला हार पडतो, पाहुणे 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' हे पाऊण तास सांगतात आणि हल्लीची मुलं सतरंजीच्या दशा उपटत बसतात. पुस्तकं मागच्या काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, मामा रजेवर.

वाचत नाही कोण? पुणे-लोणावळा लोकलमध्ये चढून बघा. तळेगाव ते मळवली एक मान वर होत नाही. सकाळी सकाळी सुविचार, मग गुंठ्याचा भाव, मग कुणाकुणाची भांडणं. वाचनच चाललेलं असतं. अंगठा तेवढा कुठे ठरत नाही. म्हणून नव्या लेखकांना आता सल्ला मिळतो, की पहिल्या ओळीतच दणका द्या, नाहीतर वाचक सटकला.

याच तळेगावात गो. नी. दांडेकर, म्हणजे अप्पा, राहायचे. त्यांची 'माचीवरला बुधा' ही कादंबरी या सल्ल्यात बसवून बघा. मुंबईला विटलेला एक म्हातारा राजमाचीवर परत येतो आणि एकटा राहतो. सोबतीला कुत्रा, खार, झाडं. खून नाही, लफडं नाही, रहस्य तर नाहीच. दणकेवाल्यांनी पहिल्या पानालाच बाद केली असती. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण अप्पांनी ते डोंगर पायांनी तुडवले होते आणि बुधाच्या तोंडी मावळची बोली आहे, पुण्याची पुस्तकी नव्हे. पुढे त्यांची मुलगी वीणा देव आणि जावई विजय देव यांनी अप्पांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वर्षानुवर्षं केलं. नुसतं वाचून दाखवायचं, आणि लोक ऐकायचे! वाचकाचं लक्ष टिकत नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपण काय वाचायला देतो ते बघावं.

आता त्याच राजमाचीवर जूनमध्ये काजवे बघायला झुंबड उडते. अंधारातले काजवे नीट दिसावेत म्हणून मंडळी मोबाइलचा टॉर्च लावतात, त्यांच्याबद्दल काय बोलावं? तुंगावर चढणाऱ्यांचीही तीच गत. अप्पांच्या कादंबरीतला 'पवनाकाठचा धोंडी' याच गडाचा हवालदार, हे खाली तळ्याकाठी तंबूत कोंबडी भाजणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा राजमाचीवरच्या उधेवाडीत पिठलं-भाकरी वाढणाऱ्या दादा-वहिनींना एक विनंती. दरपत्रकाशेजारी बुधाची एक प्रत ठेवा. पावसात रेंज जाते, जेवण व्हायला तासभर लागतो, माणूस काहीही वाचतो. प्रत चोरीला गेली तर दुसरी आणा. कपाटातल्या बुधाला आजवर कुणी चोरलेलं नाही.