मोजणीकाका

निवृत्तीनंतर वेबसाइट काढलेला एखादा काका तुमच्याही ओळखीत असणारच. साइटवर तो काय लिहितो हे कुणालाच नीट माहीत नसतं, कारण त्याबद्दल तो बोलतच नाही. तो बोलतो, किती जण आले त्याबद्दल.

आमचे मोजणीकाका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. साइट सह्याद्रीतल्या घाटवाटांची. परवा एका मुंजीत पानात जिलबी पडत असताना त्यांनी विचारलं, "काल आला होतास का रे?" मी सवयीने "हो तर" म्हणालो.

"खोटं. काल पुण्यातून तिघे आले. एक माझा कॉम्प्युटर, एक माझा मोबाइल, आणि तिसऱ्याकडे आयफोन आहे. तुझ्याकडे कुठाय?"

होस्टिंगबरोबर त्यांना एडब्ल्यूस्टॅट्स फुकट मिळालं होतं. ते सर्व्हरच्या नोंदवहीतली ओळन्‌ओळ मोजतं. पहिल्याच महिन्यात हजारो हिट्स! काकांनी पेढे वाटले. मग भाच्याने समजावलं की पानावर वीस फोटो असतील तर एकटा माणूस एकवीस हिट्स देऊन जातो, आणि बरेचसे पाहुणे तर गूगलबॉटसारखी यंत्रंच असतात. काका म्हणाले, "यंत्र असलं म्हणून काय झालं? सगळी पानं वाचून जातं. तुझ्यासारखं नाही."

पुढची पायरी गूगल ॲनालिटिक्स. हे सांगताना काका 2005 पासून सुरू करतात: गूगलने अर्चिन नावाची कंपनी कशी घेतली आणि तिचा माल फुकट वाटायला कसा काढला वगैरे. तुम्ही तोवर एखादं काम उरकून या. मुद्दा एवढाच, की इथे मोजणी वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होते, म्हणून बहुतेक यंत्रं गळतात. ॲड ब्लॉकर लावलेली माणसंही गळतात. काकांचा आकडा असा कोसळला की ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. पण ॲनालिटिक्स गावं दाखवतं, आणि त्या यादीत पुणे, ठाणे, जुन्नर यांच्याही वर एक नाव होतं: ॲशबर्न, व्हर्जिनिया.

तिथून पुढे आमच्या आयुष्यात ॲशबर्न आलं. ॲशबर्नला मराठी माणूस फार, हे काकांनी ठरवूनच टाकलं. तिथले वाचक पहाटे तीनलाही येतात, म्हणजे केवढी ओढ! येतात आणि सेकंदात जातात, म्हणजे केवढी चिकित्सक वृत्ती! मुख्य पानावर 'ॲशबर्नकर मंडळींचे स्वागत' अशी ओळ झळकली. दिवाळीत तिथल्यांसाठी वेगळ्या शुभेच्छा लागल्या. शेवटी भाच्यानेच सांगितलं की ॲशबर्न परिसरात जगातल्या डेटा सेंटरांची मोठी दाटी आहे. येतात ते तिथले सर्व्हर.

"म्हणजे माणसं राहतच नाहीत तिथे?"

"राहतात मामा, पण नाणेघाटात येत नाहीत."

स्वागताची ओळ मात्र अजून आहे. एखादा खरा निघाला तर वाईट दिसेल, म्हणतात.

1 जुलै 2023 ला जुन्या ॲनालिटिक्सने मोजणं थांबवलं. नव्यात सगळ्यालाच 'इव्हेंट' म्हणतात. काका खवळले. गूगलने सव्वा वर्ष आधी कळवलं होतं, हे मी दाखवलं. "आमच्या खात्यात नोटीस गेल्यावरसुद्धा पंधरा वर्षं काही होत नसे," ते म्हणाले. "याला म्हणतात जबाबदार कारभार."

मग प्लॉजिबल. सुटसुटीत, कुकी नाही, स्क्रिप्ट अगदी हलकी. पण दरमहा पैसे. आयुष्यभर लोकांकडून मोजणी फी भरून घेतलेला माणूस स्वतःच्या जागेची फी कसा भरेल? तेवढ्यात त्यांना कळलं की 2022 मध्ये ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या नियामकांनी ॲनालिटिक्सच्या वापरावर आक्षेप घेतला होता. काकांना आपल्या तीन वाचकांच्या खासगीपणाची काळजी लागली. आता मटोमो आहे. ते स्वतःच्याच सर्व्हरवर बसवता येतं, पूर्वी त्याचं नाव पिविक होतं, हेही तुम्हाला सांगितलं जाईल. जुनी दोन्ही काढलेली नाहीत. तिन्हींचे आकडे जमत नाहीत, आणि रोज सकाळी काका तिघांत हद्द कायम करत बसतात. नाणेघाटाबद्दल विचारलं तर नागनिकेच्या लेखातले ब्राह्मी अंक सांगतील आणि तिथल्या जकातीच्या रांजणाकडे वळतील. "खरं साधन ते! नाणं टाकलं तर माणूस. यंत्र टाकेल का?"

हे सगळं मी चेष्टेने सांगत होतो, सांगतोही. पण गुडघ्यांमुळे काकांचं घाट चढणं केव्हाच बंद झालंय. शुक्रवारी रात्री मोबाइलवरून कुणीतरी नाणेघाटाचं पान उघडून सात-आठ मिनिटं रेंगाळलं, की काका समजतात: उद्या कुणीतरी वैशाखऱ्याहून चढणार. मग त्याच रात्री 'मार्चनंतर टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा धरू नये' ही ओळ ठळक करतात. शनिवारी हवामान बघतात. रविवारी संध्याकाळी तोच मोबाइल पुन्हा दिसला, तर जेवताना बोलतात. नाही दिसला, तर काकू आम्हाला फोन करून सांगतात की आज इकडे फिरकू नका.

तेव्हा एक विनंती. कुणा अनोळखी काकाचं पान वाचून घाटात जाणार असाल, तर उतरल्यावर ते पान पुन्हा एकदा उघडा. आणि तेवढ्यापुरता तो ॲड ब्लॉकर बंद ठेवा.