ताकाला जाऊन भांडं लपवू नका

भोपाळमध्ये इस्रोचं 'मास्टर कंट्रोल फॅसिलिटी' आहे. हासनचं असंच केंद्र 1982 पासूनचं. 2005 मध्ये हे त्याच्या जोडीला आलं. चंद्रसूर्याच्या ओढीनं 36 हजार किलोमीटरवरचा उपग्रह जागचा सरकतो. इथून आज्ञा जाते, त्याची छोटी इंजिनं थोडा वेळ पेटतात आणि तो पुन्हा जागेवर येतो. इंधन संपेपर्यंत, म्हणजे बारा-पंधरा वर्षं, ही राखण रात्रंदिवस चालते.

अंतराळाच्या धंद्यातला खात्रीचा पैसा या राखणीवर उभा आहे. इस्रोची व्यापारी कंपनी न्यूस्पेस इंडिया 2019 मध्ये स्थापन झाली. तिच्या जीसॅट-24 ची सगळी क्षमता टाटा प्लेनं भाड्यानं घेतली. गिऱ्हाईक आधी ठरलं, उपग्रह जून 2022 मध्ये वर गेला. असा धंदा टिकतो.

प्रक्षेपणाची बाजूही लंगडी नव्हती. एलव्हीएम-3 रॉकेटनं दोन फेऱ्यांत वनवेबचे 72 उपग्रह पोचवले. डिसेंबर 2025 मध्ये त्यानंच सुमारे 6,100 किलोंचा अमेरिकन ब्लूबर्ड उपग्रह वर नेला. दुखणं आहे ते पीएसएलव्ही रॉकेटचं, ज्याच्या नावावर आजवर परदेशी कामं मिळाली त्याचं.

18 मे 2025 ला पीएसएलव्ही-सी61 च्या तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि मोहीम फसली. चौकशी समिती बसली, पण तिचा अहवाल लोकांपुढे न ठेवताच 12 जानेवारी 2026 ला सी62 उडालं. पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात गडबड झाली. मुख्य उपग्रहासोबत 15 सहप्रवासी गेले. कक्षेत इंधन भरण्याच्या प्रयोगासाठी बनवलेला बेंगळुरूच्या कंपनीचा उपग्रहही त्यात होता. नवख्या कंपनीची कित्येक वर्षांची मेहनत अशा एका उड्डाणावर लागलेली असते.

त्याच रॉकेटवर स्पेनच्या एका नवख्या कंपनीची छोटी कुपी होती. सगळं बिघडलेलं असताना ती सुटली, सुरू झाली आणि कोसळता कोसळता तिनं माहिती पाठवली. कंपनीनं ते लगेच जगाला सांगितलं. गिऱ्हाईक स्वतःच्या नुकसानीचा हिशेब उघड मांडतं आणि विकणारा गप्प बसतो, हे शोभत नाही.

उघडेपणा इस्रोला परका नाही. ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही-एफ10 फसलं, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीच्या झडपेतली गळती इस्रोनं स्वतः जाहीर केली. 2022 मध्ये एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं, त्याचीही कारणं सांगितली. पुढचं उड्डाण फेब्रुवारी 2023 मध्ये यशस्वी झालं. चूक चव्हाट्यावर मांडल्यानं कुणाची पत गेली नाही.

आता पीएसएलव्ही बनवायचं काम एचएएल आणि एल अँड टी यांच्या हाती जातंय. इतर खासगी कारखानेही या धंद्यात पैसा ओततायत. त्यांना, विमा कंपन्यांना आणि पुढच्या गिऱ्हाइकांना तिसऱ्या टप्प्यात नेमकं काय बिघडलं ते कळलंच पाहिजे. संरक्षणाची गुपितं खुशाल झाकून ठेवा; रॉकेटच्या मोटारीतला दोष हे गुपित नव्हे. बाजारात उतरायचं तर ताळेबंदात अपयशही मांडावं लागतं. दोन्ही अपघातांची कारणं जाहीर करा आणि मगच पुढचं तिकीट विका.