अंबडचा इटलीवाला

अंबडला समुद्र आहे. मराठीत नाही, इटालियनमध्ये आहे. त्याचं असं होतं, की इटालियन शिकवणाऱ्या पुस्तकात 'माझं गाव' हा धडा येतो तेव्हा विद्यार्थ्याच्या गाठीला समुद्र, संग्रहालय, रेल्वे स्टेशन, चर्च आणि किनाऱ्यावरची छत्री एवढेच शब्द जमलेले असतात. बारव, मोंढा, कडबा, सेतू केंद्र हे शब्द कुठल्याच धड्यात येत नाहीत. मग शिकणारा हाताशी असलेल्या सामानात गाव बांधून मोकळा होतो. आमच्या इटलीवाल्याच्या पहिल्या निबंधात अंबड हे समुद्राकाठचं टुमदार शहर होतं, तिथं एक मोठं स्टेशन होतं आणि रविवारी लोक सहकुटुंब संग्रहालयात जात. खऱ्या अंबडकराला रेल्वे धरायला जालना गाठावं लागतं, ही गोष्ट सांगायला जेवढं व्याकरण लागतं तेवढं त्याचं तेव्हा झालेलं नव्हतं.

हा प्राणी आता तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागला आहे. इंजिनिअरिंग झालेलं असतं, पुण्यात वर्ष-दीड वर्ष कंपनीत काढलेलं असतं, आणि आता गच्चीवर कानात हेडफोन घालून तो येरझाऱ्या घालत असतो. जर्मन शिकणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला कुणी वेड्यात काढत नाही. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनंच जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यामुळं जर्मनवाल्याच्या पाठीशी शासन आहे असं गावाला वाटतं. इटालियनवाल्याच्या पाठीशी कुणी नाही. पारावर इटलीचं नाव काढलं की पहिल्यांदा सोनिया गांधींचं माहेर निघतं, मग काँग्रेस निघते, मग भाजप निघते, आणि इटली बाजूलाच राहते.

सुरुवात अर्थातच व्यवहारातून झाली. तिकडच्या सरकारी विद्यापीठांत फी घरच्या उत्पन्नाप्रमाणे ठरते आणि कमी उत्पन्नवाल्याला शिष्यवृत्तीही मिळू शकते, हे त्याला एका मित्रानं सांगितलं. कमी उत्पन्न ही गोष्ट आमच्या भागात मुबलक. तो तडक उत्पन्नाचा दाखला काढायला गेला.

"कोन्त्या योजनेसाठी पाह्यजे?" खिडकीतून प्रश्न आला.

"शिष्यवृत्ती. इटलीची."

"केंद्राची का राज्याची?"

"इटली सरकारची."

पलीकडच्या बोटांनी माऊस बराच वेळ वर-खाली केला. "यादीत नाही दिसू राहिली. 'इतर'मध्ये टाकू का?"

"टाका."

तेव्हापासून इटली आमच्या तालुक्यात 'इतर'मध्ये आहे.

तिकडचे बरेच अभ्यासक्रम इंग्रजीत असतात. त्याला इटालियनवाचून अडणार नव्हतं. पण एकदा नाद लागला की लागला. पहाटे आंघोळीआधी क्रियापदं, दुपारी मोबाईलवरचं भाषा शिकवणारं हिरवं घुबड, रात्री गच्ची. इटालियनमध्ये 'मला आवडतं' याला 'मी प्याचे' म्हणतात. पुस्तकाचा आग्रह असा, की आवडीनिवडी शंभरदा घोकाव्यात. आईनं जिन्यात उभं राहून ऐकलं : काळोखात पोरगा एकटाच फिरतोय आणि "मी प्याचे, मी प्याचे" म्हणतोय. तिनं त्याच रात्री मामाला फोन केला. मामा सकाळच्या पहिल्या एसटीनं आला, भाच्याचं तोंड हुंगलं, आणि दोन दिवस राहून धपाटे खाऊन गेला.

वडिलांचा संशय वेगळा होता. एवढं गोड बोलतोय म्हणजे पलीकडं मुलगी असणार. एक दिवस त्यांनी धीर करून फोनच्या पडद्यात डोकावून पाहिलं, तर बनियनवर बसलेला एक टकला म्हातारा त्यांना हात करत होता. लिव्होर्नो बंदरात जन्मभर क्रेन चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ. त्याला इंग्रजी शिकायचं होतं, याला इटालियन. अर्धा तास ही भाषा, अर्धा तास ती. वडिलांना हायसं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

पण या क्रेनवाल्यानं एक नवलाची गोष्ट केली. त्यानं विचारलं, "तुझं गाव कसं आहे?"

आता असं पाहा. अंबडच्या माणसाला लोक काय विचारतात? कोणाचा तू, कोणत्या आळीचा, पगार किती, लग्न जमलं का, यंदा कापूस काय भावानं दिला. गाव कसं आहे, हे अंबडच्या माणसाला अंबडमध्ये कुणी विचारत नाही आणि बाहेर विचारलं तर तो "जालन्याजवळ" म्हणून सुटतो. रिकाम्या वेळात काय करतोस, हा तर प्रश्नच नव्हे. करतो ते समोर दिसतच असतं. त्यामुळं हे सगळे प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर परभाषेत येऊन आदळले, आणि त्यानं तोच निबंध ठोकून दिला : समुद्र, स्टेशन, संग्रहालय.

म्हातारा पडला बंदरावरचा. त्यानं समुद्राचा फोटो मागितला.

दुसरा एखादा असता तर गुगलवरून गोव्याचा फोटो काढून पाठवता. हा प्रामाणिक. मोटारसायकल काढून पैठणला गेला आणि जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहून नाथसागराचा फोटो घेतला. शास्त्रीजींनी १९६५ साली पायाभरणी केलेलं आणि इंदिराबाईंनी १९७६ साली लोकार्पण केलेलं हे पाणी भरल्या वर्षी खरंच समुद्रासारखं दिसतं, पलीकडचा काठ दिसत नाही. नावातही सागर आहे. म्हाताऱ्यानं फोटो मोठा करून पाहिला. लाटा कुठायत, त्यानं विचारलं. आज वारा नाही, हा म्हणाला. मासे कोणते? रोहू आणि कटला. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, की हे गोड्या पाण्यातले मासे आहेत, मुला.

तिथून खरं अंबड सुरू झालं. मत्स्योदरी देवीचं सांगायचं ठरलं. माशाच्या आकाराची टेकडी, तिच्यावर देवीचं देऊळ, नवरात्रात पहाटेपासून पायी निघालेली माणसं. वाक्यरचना थोडी घसरली आणि तिकडं पोचलं ते असं : 'आमच्या गावाबाहेर एक फार मोठा मासा आहे, आम्ही दर वर्षी नऊ दिवस त्याच्यावर चढतो.' लिव्होर्नोहून उत्तरादाखल कच्चुक्को या माशांच्या रश्श्याची कृती आली, पाच-सहा जातींचे मासे घालून करायची.

छंदांचीही अशीच शहानिशा झाली. निबंधात त्यानं पोहणं, वाचन आणि गिर्यारोहण लिहिलं होतं. पोहणं म्हणजे लहानपणी डाव्या कालव्यात मारलेल्या उड्या, वाचन म्हणजे चालू घडामोडी आणि गिर्यारोहण म्हणजे देवीची टेकडी. संगीत मात्र त्यानं लाजून वगळलं होतं. आपल्या गावात कसलं आलंय संगीत! एकदा आठवलं, की दत्तजयंतीला आपल्याकडं शास्त्रीय संगीताचा महोत्सव होतो, गोविंदराव जळगावकरांच्या परंपरेतला, तिथं मोठमोठे गवई येऊन गातात आणि बाप आपल्याला मांडीवर निजवून ऐकत बसायचा. हे सांगताना त्याला भूतकाळ वापरता आला, याचा त्याला गाण्यापेक्षा जास्त आनंद झाला.

भूतकाळात मराठी माणूस चमकतोच. 'गेलो' आणि 'गेले' यांतला फरक आपण जन्मतः करतो, इटालियनही करते. इंग्रजी माध्यमवाले इथं गटांगळ्या खातात. लिंगांचा घोटाळा तेवढा राहतो. आपल्या एका ताटात ती भाकरी, तो ठेचा आणि ते पिठलं असा तिन्ही लिंगांचा संसार सुखानं नांदतो. इटालियनमध्ये दोनच. पिठल्याला कुठं बसवायचं यावर तो एक अख्खी संध्याकाळ बसला आणि शेवटी पुल्लिंगात ढकललं.

पिठल्यावरूनच दोघांचं खरं जमलं. लिव्होर्नोत हरभऱ्याचं पीठ पाणीदार कालवून, तेल घालून, भल्यामोठ्या गोल परातीत भट्टीत भाजतात आणि ते पावात घालून रस्त्यावर उभ्यानं खातात. पावात बेसन! ज्या राज्यात वडापाव आणि भजेपाव आहे, तिथल्या माणसाला याहून जवळचं काय वाटणार? मग वरणफळांची कृती गेली. कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या वरणात सोडायचे, वरून तेलाची फोडणी. म्हातारा म्हणाला, यात नवल काय, आमच्याकडं उरल्यासुरल्या पास्त्याचे वेडेवाकडे तुकडे घेवड्याच्या सूपमध्ये टाकतातच. फोनवर आजीला बोलावलं गेलं. पाटावर शेवया वळण्यात हयात गेलेल्या आजीनं पडद्यावरचा पास्ता निरखला आणि "जाड हाय" एवढाच शेरा मारला. त्याचं भाषांतर नातवानं 'फार सुंदर' असं केलं.

इथपर्यंत गोड आहे. पण हा माणूस चारचौघांत न्यावा असा राहिलेला नाही. जालन्याच्या कॅफेत तो वेटरला 'एक्स्प्रेसो' नव्हे 'एस्प्रेसो' असं समजावतो. लात्ते मागितलं तर इटलीत नुसतं दूध देतात, जेवणानंतर कापुचिनो पीत नाहीत, पास्त्यावर केचप घालणं हा गुन्हा आहे, असं तो शेजारच्या टेबलालाही ऐकवतो. घरी येऊन मात्र तोच पास्ता येसराच्या आमटीत बुडवून खातो.

'इटलीशी आपला काय संबंध?' एवढं त्याच्यासमोर म्हणू नये. संबंधांची यादी त्याला पाठ आहे. व्हेनिसचा मनुची १६६५ साली मिर्झाराजांच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटला. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले, ऐन विशीत. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, तिथं त्यांची छत्री आहे आणि जवळचा पूलही 'हिंदी माणसाचा' म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर दोन मराठ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला : १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर लढलेले नामदेव जाधव. घाडग्यांचं स्मारक मोंतोने गावात २०२३ साली उभं राहिलं. यादी संपेपर्यंत चहा गार होतो, आणि विचारणारा पुन्हा विचारत नाही.

याच यादीच्या भरात त्यानं एकदा म्हाताऱ्याला सांगितलं, की फ्लॉरेन्सची ती आर्नो पुढं पिसाला जाते, आणि पिसाचा मनोरा पाहायचा माझा फार विचार आहे. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. पिसा आणि लिव्होर्नो ही शेजारची गावं, आणि त्यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. लिव्होर्नोचं एक मासिक तर पिसाकरांची टिंगल करण्यातच नावारूपाला आलं. म्हाताऱ्यानं त्याला म्हण शिकवली : दारात पिसाचा माणूस असण्यापेक्षा घरात मयत झालेली बरी.

हा आनंदानं उडालाच. कारण पुस्तकातली इटली सारखी हसत असते, तिच्यात भांडकुदळ शेजारी नसतो. आणि अंबडकराच्या काळजात जालन्याचं शल्य आहेच. निजामाच्या राज्यात दोघं औरंगाबाद जिल्ह्यातले तालुकेच. आमच्याकडं मत्स्योदरी, आमच्याकडं अहिल्याबाईंची बारव. १ मे १९८१ ला जिल्हा झाला आणि त्याला नाव मिळालं कोणाचं? 'जालना सोने का पालना' म्हणत ते झुलतात आणि आम्ही कलेक्टर हापीसला हेलपाटे घालतो.

या शल्यानं त्याची भाषा जेवढी पुढं नेली, तेवढी घुबडानं नेली नव्हती. भाषेच्या पहिल्या पायरीवर माणूस गावाची स्तुती करतो, कारण तेव्हा त्याच्याजवळ चांगलं, सुंदर, मोठं एवढीच विशेषणं असतात. तक्रार करायला 'जर-तर' लागतं, 'असायला हवं होतं' लागतं, 'गेल्या महिन्यापासून सांगतोय' लागतं. परवा त्यानं लिव्होर्नोला लांबलचक मजकूर धाडला. नळाला पाणी कधी येतं, लाइट कधी जाते, एसटी कुठं अडते, मोसंबीला भाव का नाही, स्टँडसमोरच्या खड्ड्यात कोण पडलं, आणि या सगळ्याला जबाबदार कोण. समुद्र नाही, संग्रहालय नाही, गावाबद्दल एक बरा शब्द नाही.

तिकडून रेल्वेच्या संपावर आणि कचऱ्याच्या करावर तेवढाच लांब मजकूर उलटा आला. शेवटी लिहिलं होतं : 'आता तुझं इटालियन खरं वाटायला लागलं. फक्त दोष कोणाला द्यायचा ते अजून नीट जमत नाही.'

यानं ताबडतोब ती म्हण काढली, पिसा खोडलं, तिथं जालना घातलं आणि पाठवून दिली.