जुन्या सीपीयूतली लग्नपत्रिका नव्या लॅपटॉपवर आणण्याची सोपी कृती

लागणारं साहित्य: विंडोज एक्सपीवर चालणारं एक जुनं मशीन, विंडोज 11 चा एक नवा लॅपटॉप, एक राउटर, एक लॅन केबल (क्लिप तुटलेली चालते, ती तुटलेलीच असते), एक शाळकरी पुतण्या आणि एक कूलर. कूलर तुमच्यासाठी नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर गेला की जुनं मशीन पाचव्या मिनिटाला आपोआप बंद पडतं, म्हणून कूलरचं तोंड सीपीयूकडे करायचं आणि घरातल्या माणसांनी टॉवेलनं वारा घ्यायचा.

असं मशीन घरी कसं येतं, हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. काकांनी अकोल्यातलं डीटीपीचं दुकान बंद केलं, टेबल विकलं, झेरॉक्स मशीन विकलं, पण हे विकलं नाही, कारण यात 'सगळा डाटा हाये'. राष्ट्रीय महामार्ग 53 वर लोणी ते माना यांच्या दरम्यान, एका लेनच्या हिशेबानं, 75 किलोमीटरचं डांबरीकरण जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याच रस्त्यानं मशीन दुपारच्या आत अमरावतीला पोचलं. आता ते हॉलमध्ये आहे आणि लॅपटॉप आतल्या खोलीत. प्रवासाचा अवघड भाग इथून सुरू होतो.

पायरी पहिली. केबल लावा. 'टक्' असा आवाज येणार नाही, कारण आवाज करणारी पट्टी केव्हाच गेली. पोर्टाजवळचा हिरवा दिवा लुकलुकेपर्यंत केबल आत दाबा, आगपेटीची अर्धी काडी फटीत सारा, वरून चिकटपट्टी मारा. दिवा लुकलुकत राहिला तर पुढे चला. या टप्प्यावर शेजारचा कोणीतरी येऊन "फॉरमॅट मारून टाका" असं सांगतो. त्याला चहा द्या.

पायरी दुसरी. लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडा. तिथे काहीही दिसणार नाही. हे सगळ्यांचंच होतं. लॅपटॉपनं घरच्या वाय-फायला 'पब्लिक' म्हणून धरलेलं असतं. ती व्यवस्था बडनेरा स्टेशनावरच्या वाय-फायसाठी आहे, देवघराला लागून असलेल्या राउटरसाठी नाही. सेटिंगात जाऊन 'प्रायव्हेट' करा. वर्कग्रुपचं नाव जुळवा, असं जो तो सांगतो. जुळवा, काही बिघडत नाही. न जुळवताही जुन्या मशीनचा आयपी पत्ता दोन उलट्या तिरप्या रेघांपुढे टाइप करून थेट जाता येतं.

किंवा येत नाही. "आबाजी, दिसून नाही राह्यलं," असं पुतण्या ओरडेल. "मशीन चांगलं हाये, तुमच्या त्या लॅपटॉपलेच समजत नाही," असं उत्तर हॉलमधून येईल. काकांचं म्हणणं इथे अक्षरशः खरं आहे.

मूर्तिजापूर स्टेशन पाहिलेल्या माणसाला पुढचं चटकन कळेल. यवतमाळकडून आणि अचलपूरकडून पूर्वी येणारी शकुंतला ही छोटी गाडी अडीच फुटी रुळांवरची. मुंबई-नागपूर लाइन साडेपाच फुटी. स्टेशन एकच, पण शकुंतलेचा डबा मोठ्या लाइनीवर चढत नसे. कापसाच्या गाठी उतरवायच्या आणि दुसऱ्या गाडीत भरायच्या. दोष ना या गाडीत, ना त्या गाडीत. फाईल शेअर करण्याचा विंडोजचा जो रूळ आहे त्याला एसएमबी म्हणतात. एक्सपीला त्याची फक्त पहिली आवृत्ती येते. व्हिस्टाबरोबर दुसरी आली, विंडोज 8 बरोबर तिसरी. आणि 2017 च्या अखेरीपासून विंडोजमधून पहिली आवृत्ती हळूहळू काढली गेली; आता नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये ती मुळात चालूच नसते.

हा कंपनीचा माज नव्हे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाची खंडणीखोर कीड याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून शिरून जगभर पसरली. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल 2014 मध्येच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. वॉनाक्रायनंतर पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या किडीनं तेच भोक वापरलं आणि मर्स्क कंपनीच्या संगणकांबरोबर आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तेव्हा यूट्यूबवरचा कोणी "एसएमबी वन चालू करा, प्रॉब्लेम खतम" म्हणाला, तर खतम काय होईल ते त्यानं सांगितलेलं नाही एवढं लक्षात ठेवा.

तरीही करायचंच असेल तर पायरी तिसरी. 'विंडोज फीचर्स'च्या यादीत एसएमबी 1.0 च्या पोटात तीन चौकोन आहेत: आपोआप काढून टाकणारा, क्लायंट आणि सर्व्हर. क्लायंटवर खूण करा. म्हणजे लॅपटॉप जुन्या मशीनकडे जाऊन फाईल मागेल, पण स्वतःचं दार त्या भाषेत कोणालाही उघडणार नाही. सर्व्हरला हात लावू नका. आपोआप काढणाऱ्या चौकोनावर खूण राहिली तर मात्र लॅपटॉप चालू असल्याचे 15 दिवस ही सोय कोणी वापरली नाही की विंडोज ती गुपचूप काढून टाकतं. घरात त्यावरून संशयाचं वातावरण होतं. "काल-परवा तं दिसत होतं, आता काहून नाही दिसत? कोनं हात लावला?" कोणीच लावलेला नसतो. खरं तर ही खूण राहू द्यावी आणि काम झालं की क्लायंटही आपणच काढून टाकावा.

समोरचं मशीन एक्सपीचं नसून दुसरी किंवा तिसरी आवृत्ती येणारं असेल तर मध्येच एक संदेश येण्याची शक्यता आहे: तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्याला विनापासवर्ड प्रवेश नाही. घाबरू नका. घरात संस्था नाही, धोरण फक्त आईचं चालतं आणि तिनं पाहुण्याला कधी अडवलेलं नाही. त्या मशीनवर पासवर्ड असलेलं एक खातं उघडा, त्याच नावानं आत जा. उलट दिशेनं, म्हणजे त्या मशीनवरून लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये शिरताना, पिन चालत नाही. खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो कोणालाच आठवत नाही, कारण रोज पिननं काम भागतं.

ज्यांच्या घरात विंडोज 7 चं तिसरं मशीनही आहे (वऱ्हाडात काही टाकत नाहीत, त्यामुळे असतंच) त्यांचं काम सोपं आहे. 7 ला पहिली आणि दुसरी दोन्ही आवृत्त्या येतात. एक्सपीनं फाईल 7 वर ठेवायची, 11 नं तिथून उचलायची. 7 चाही सपोर्ट जानेवारी 2020 मध्ये संपला आहे, म्हणून हमालीपुरतंच नेट तोडून जोडा.

तेही नसेल तर पेनड्राइव्ह. एक्सपीच्या काळातले पेनड्राइव्ह फॅट 32 चे असत, त्यावर 4 जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. पण लग्नपत्रिका एवढी मोठी नसते, मंडळींची यादी कितीही लांबली तरी. पेनड्राइव्हवर तुम्ही न बनवलेला 'न्यू फोल्डर' दिसला तर त्यावर टिचकी मारू नका. तो फोल्डर नाही, ईएक्सई आहे, आणि दुकानाच्या गिऱ्हाइकांनी आणलेल्या पेनड्राइव्हांमधून बऱ्याच वर्षांपूर्वी त्या मशीनमध्ये मुक्कामाला आलेला आहे.

अभिनंदन, फाईल पोचली. आता उघडा.

उघडणार नाही. ती पेजमेकरची आहे. पेजमेकरची शेवटची 7.0 ही आवृत्ती 2001 ची. तिच्या फाईली इनडिझाइननं सीएस 6 पर्यंत उघडल्या, पुढे सोडून दिलं. जुनं इनडिझाइन कोणाकडून तरी मिळवून उघडलीच, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसतील, गणपतीच्या चित्राखाली. फाईल बिघडलेली नाही. त्या काळी श्री-लिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेली मराठी अक्षरं म्हणून साठवलेलीच नसे; रोमन अक्षरांच्या घरात मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट लॅपटॉपवर नाही, म्हणून आकार गेले आणि घरं उरली. फॉन्ट मशीनमधून काढून आणा किंवा युनिकोड कन्व्हर्टर लावा. कन्व्हर्टरनंतर जोडाक्षरं आणि रफार एकेक करून तपासा. नवरदेवाच्या आडनावातला रफार हमखास उडतो आणि तो व्याह्यांनाच आधी दिसतो.

यापेक्षा बरा मार्ग म्हणजे जुन्या मशीनवरच पत्रिकेची पीडीएफ बनवणं. पीडीएफ फॉन्ट आपल्याबरोबर घेऊन येते, त्यामुळे लॅपटॉपवर, मोबाईलवर, व्हॉट्सअॅपवर पत्रिका जशीच्या तशी दिसते. काका ती मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून पूर्ण वाचतील, मान डोलावतील आणि म्हणतील, "झकास झाली. आता फकत हे तारीख बदलव, अन् कार्यालयाचं नाव."