किंमत काचेवर, खोट बॉनेटखाली

ह्यूस्टन, टेक्सास
मकर संक्रांत

ती. नानाकाकांस,


इथे जुनी गाडी घेताना आम्ही फसलो ती कथा तुम्हाला फोनवर कळलीच आहे, आणि ती तुम्ही ज्या वेगाने अख्ख्या खामगावात पोहोचवलीत ते पाहता गाडीपेक्षा कथाच जास्त धावली. म्हणून ती पुन्हा उगाळत नाही. दुकानाचं नावही लिहीत नाही. त्यांच्याकडे मेकॅनिकपेक्षा वकील जास्त असावेत असा मला संशय आहे. हे पत्र तुमच्या त्या एका वाक्यासाठी: "शिकेल माणसं लवकर फसतात." यांनी ते हसण्यावारी नेलं. मला तसं नेता येत नाही, कारण आता तुम्हीच अकोल्याहून सेकंडहँड गाडी आणायचं म्हणताय, आणि आपण कॉलेजात गेलो नाही म्हणजे आपल्याला कोणी फसवणार नाही, या भरवशावर तो व्यवहार व्हायला नको. माझं म्हणणं असं की या धंद्यात घेणारा शहाणा की खुळा हा प्रश्नच गौण आहे. विकणाऱ्याला माल ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, आणि ठाऊक असून तोंड मिटून बसायची मोकळीक विकणाऱ्याला बऱ्याचदा कायद्यानेच दिलेली असते. बाकी सगळं त्यातून येतं.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमका जुन्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. २००१ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा त्या संपादकांनी कुठे तोंड लपवलं ते माहीत नाही. त्याचा मुद्दा शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे. चांगली गाडी आणि खटारा बाहेरून सारखेच चकाकतात, म्हणून गिऱ्हाईक दोन्हींना मधलाच भाव देऊ करतं. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकत नाही; खटाऱ्याचा मालक पेढे वाटून विकतो. मग बाजारात खटारेच जास्त उरतात, गिऱ्हाईक भाव आणखी पाडतं, आणि उरलेल्यांतली बरी गाडीही घरी परत जाते. यात कोणी खोटं बोलायची गरज नाही, गप्प बसलं तरी पुरतं. हा गृहस्थ १९६७-६८ मध्ये दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये येऊन राहिला होता, आणि त्याच्या निबंधात आपल्याकडच्या बायकाही आल्या आहेत: बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणून भारतातल्या गृहिणीला तांदूळ निवडत बसावं लागतं, असं त्याने लिहिलंय. काकू रोज दुपारी सूप घेऊन जे करतात त्याची नोंद एका नोबेलवाल्याने घेतली आहे, हे त्यांना अवश्य सांगा. फक्त गाडी सुपात मावत नाही, हीच अडचण.

तुम्ही म्हणाल, आम्ही जन्मभर बैल घेतले, पारख असली की कोण फसवतो? मान्य. पण पारख चालते कशामुळे, तेही बघा. बैलाचं तोंड उघडून बघता येतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, वय तिथेच समजतं. त्याला चालवून बघता येतो, मानेवर जू ठेवून बघता येतं, विकणारा कुठल्या गावचा आणि भर हंगामात बैल कायले काढतोय हे दोन चहांत कळतं. लबाडी तिथेही आहे. शिंगं तासणारे, तेल चोपडणारे, अंगावरचे डाग रंगवणारे काय कमी आहेत? पण तो लबाड पुढच्या बाजारालाही येणार असतो, आणि तुम्हीही. झाकलेला असतो तो फक्त भाव, रुमालाखाली, बोटांच्या पेरांवर. इथे सगळं उलटं. किंमत समोरच्या काचेवर हातभर आकड्यांत, पलीकडच्या रस्त्यावरून वाचता येईल अशी, आणि जनावर झाकलेलं. गाडीचे दात म्हणजे ती किती मैल चालली तो आकडा. तो मागे फिरवणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७२ पासून बंद केलं, तरी इथल्या वाहतूक सुरक्षा खात्याच्याच अंदाजाने वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या आकड्यांनिशी विकल्या जातात. पूर्वी त्यासाठी स्क्रू खोलावे लागत. आता एक छोटं यंत्र जोडलं की झालं, हातालाही काळं लागत नाही.

बरं, काचेवरची किंमत तरी उघडी म्हणावी, तर टेबलाशी बसेपर्यंतच. या धंद्यात एक कागद असतो, त्यावर उभी-आडवी रेघ मारून चार चौकोन केलेले. एकात गाडीची किंमत, दुसऱ्यात तुमच्या जुन्या गाडीचे किती धरायचे ते, तिसऱ्यात आत्ता रोख किती, चौथ्यात महिन्याचा हप्ता. तुम्ही पहिल्या चौकोनावर बोट ठेवलंत की विक्रेता चौथ्यावर ठेवतो: महिन्याला किती झेपेल तेवढं बोला. हप्ता कमी होतो, कर्जाची वर्षं वाढतात. किंमत उतरते, जुन्या गाडीचा भाव त्याहून जास्त उतरतो. मधूनच तो उठून मॅनेजरला विचारायला आत जातो आणि फार भांडून आल्यासारखा चेहरा करून परततो. बँकेच्या व्याजावर दुकान स्वतःचा टक्का चढवू शकतं, तो तर कुठल्याच चौकोनात दिसत नाही. आपला रुमाल याच्यापुढे फार प्रामाणिक म्हणायचा. त्याखाली निदान एकच सौदा असतो, आणि बोटं कोणाची ते कळतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा: अमेरिकेत एवढे कायदे, मग कायदा काय करतो? इथेच खरी गंमत आहे. १९८१ साली इथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने नियम केला की जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे जे मोठे दोष माहीत आहेत ते गाडीवर चिकटवलेल्या कागदात लिहावे लागतील. बघा, शोधून काढा असं म्हटलं नव्हतं; ठाऊक असलेले सांगा, एवढंच. गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी एवढा गहजब केला की १९८२ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने तो नियम हाणून पाडला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने संसदेची अशी नकाराची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. तोवर आयोगाने धडा घेतला होता. त्याने नियम पुन्हा लिहिला तो दोष सांगण्याचं कलम गाळून, आणि तोच १९८५ पासून लागू आहे. म्हणून आज इथे दुकानातल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेवर सरकारी नमुन्याचा कागद असतो. त्यावर दोन चौकटी: दुकान हमी देतंय, किंवा गाडी जशी आहे तशी, हमी नाही. आमच्या टेक्सासात दुसऱ्या चौकटीवर खूण करायला कसलीही आडकाठी नाही. तोंडी आश्वासनं अमलात आणणं कठीण, सगळं लिहून घ्या, असा सल्लाही त्यावर असतो, आणि मागच्या बाजूला गाडीत काय काय बिघडू शकतं त्याची यादी: इंजिन, गिअर, ब्रेक, स्टिअरिंग. म्हणजे कुठल्याही गाडीला होऊ शकणारे सगळे रोग छापलेले, या गाडीला झालेला तेवढा सोडून!

व्यापाऱ्यांचं उत्तर असं की, अहो, आम्हाला तरी आतलं कुठे दिसतं? हे अर्धं खरं आहे. लिलावातून एकदम उचललेल्या गाड्यांचा सगळा इतिहास दुकानदाराला माहीत नसतोही. पण गाडी घेताना तो स्वतः आंधळेपणाने पैसे टाकत नाही. त्याचा माणूस ती लिफ्टवर चढवून खालून बघतो. विस्कॉन्सिन राज्यात दुकानदाराला गाडी तपासून आढळलेले दोष कागदावर लिहावे लागतात, आणि हे तिथे १९८१ च्या आधीपासून चालू होतं. तिथली दुकानं काही ओस पडलेली नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये चाळीस हजार मैलांच्या आत चाललेल्या गाडीला दुकानाने नव्वद दिवसांची हमी द्यावीच लागते; हमी नाही असं तिथे लिहूनच चालत नाही. विलायतेत २०१५ च्या ग्राहक कायद्याने, दुकानातून घेतलेली गाडी सदोष निघाली तर तीस दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. इथे मात्र बहुतेक राज्यांत दुकानात जाऊन घेतलेली गाडी तीन दिवसांत परत करता येत नाही, जरी निम्म्या अमेरिकेला तसं वाटत असलं तरी. माणसं सगळीकडे सारखीच, काका. राज्याची हद्द ओलांडली की विक्रेत्याचा स्वभाव बदलत नाही, त्याच्या गप्प बसण्याचा खर्च बदलतो.

मेकॅनिक न्यायचा होता, हे तुमचं सगळ्यात जोरदार वाक्य, आणि ते बरोबरच आहे. दुकानाबाहेरचा, आपल्या पैशांचा मेकॅनिक न्यावाच. पण त्याच्या नजरेलाही मर्यादा आहेत. २०१७ साली हार्वे वादळात हे शहर बुडालं तेव्हा लाखो गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीच्या मालकीच्या कागदावर तसा शिक्का पडायला हवा. पण कागद दुसऱ्या राज्यात नेऊन नव्याने काढला की शिक्का कधीकधी वाटेतच गळून पडतो. गाडी धुऊन, वाळवून, वास घालवून विकायला उभी राहते, आणि वायरींच्या जोडातला गंज बऱ्याच उशिरा वर येतो. घेण्याच्या दिवशी मेकॅनिकला ती ठणठणीतच दिसते.

यावर तुम्ही जे म्हणणार ते मला इथून ऐकू येतंय: मग माणसानं करायचं काय, बाजारच बंद करायचा? मुळीच नाही. खामगावच्या माणसाने तर हे विचारूच नये. जलंबहून आपल्याकडे रेल्वे आली ती १८७० साली, कापसासाठी. त्या काळी वजन, कडता, दलाली, सगळं व्यापाऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि शेतकऱ्यानेच हुशार व्हावं असा उपदेश तेव्हाही फुकटात मिळत असणार. उपदेशाने काही झालं नाही. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली नियमाखाली आला, १८९७ साली अख्ख्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि दलालाला व मापाऱ्याला परवाना घ्यावा लागू लागला. मुंबई प्रांताला तसा कायदा करायला १९२७ साल उजाडलं. त्या समित्यांत व्यापाऱ्यांचंच वजन जास्त होतं, लूट काही एका रात्रीत थांबली नाही, हे सगळं कबूल. पण दिशा बरोबर होती: गिऱ्हाईक किंवा शेतकरी शहाणा व्हायची वाट न बघता काटा धरणाऱ्याला जबाबदार करायचं. अमेरिकेने गाड्यांच्या बाबतीत काटा धरणाऱ्याला कागद दिला आणि घेणाऱ्याला म्हटलं, वाचता येतं ना? मग झालं तर.

आता तुमच्या अकोल्याच्या गाडीकडे. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक धरला जातो. भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे का बघा, नसेल तर चहा पिऊन परत या. हा नियम चांगला आहे, पण तो अपघात झाला तर कोण जबाबदार हे ठरवतो. इंजिनाबद्दल तोही गप्पच. म्हणून गाडीचा अपघात झालेला नाही, इंजिन उघडलेलं नाही, किलोमीटर खरे आहेत, ही तीन वाक्यं त्याच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घ्या. तो खरं लिहील असं नाही. पण २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे अकोल्याच्या दुकानदाराला बुलडाण्याला यावं लागेल, आणि तिथे ती तीन वाक्यं त्याच्याच सहीची असतील. लिहून द्यायला तो का-कू करू लागला तर तेही उत्तरच समजा. तुमची जुनी गाडी त्यालाच देणार असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून विसरू नका, नोंदणीतून नाव उतरल्याचं स्वतः बघा. एरवी नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या माथी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय.

आणि गाडी बघायला जाताना काकूंना नक्की न्या. तुम्ही विक्रेत्याशी गावची ओळख आणि सोयरीक काढत बसाल, तेवढ्यात त्या मागच्या सीटखालचं मॅटिंग उचलून चिखल बघून होतील.

सर्वांना नमस्कार, बाळांना आशीर्वाद. तिळगूळ पोचला, फुटला होता, पण खाल्ला.

तुमची पुतणी,
सौ. वैशाली